एकच पायली

माणूस गेला की बारा दिवस त्याच्याविषयी वाईट बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मेलेला कसाही असो, भावाचा बांध कोरणारा असो नाहीतर दारू पिऊन घरात धिंगाणा घालणारा असो, तेराव्यापर्यंत तो ‘भला माणूस’च असतो. तेरावं झालं, पाहुणे गेले, मग गाव मोकळं होतं. ओट्यावर बसून लोक खरं ते बोलू लागतात. ही रीत मला शहाणपणाची वाटते. बारा दिवस घरच्यांच्या दुःखाला दिलेले असतात, पुढचे सगळे दिवस खऱ्याला.

पण राजेलोकांचं तसं होत नाही. त्यांना मरून दोनशे, तीनशे वर्षं झाली तरी त्यांचं तेरावं उरकत नाही. कोणी म्हणतो त्याच्याविषयी वाईट बोलू नका, कोणी म्हणतो चांगलं बोललात तर खबरदार. आणि जे खरं बोलायचं ते तसंच राहून जातं.

२०२५ च्या मार्च महिन्यात आमच्या महाप्यातसुद्धा जो तो औरंगजेबाविषयी बोलत होता. संभाजी महाराजांवरचा सिनेमा नुकताच लागून गेला होता. पोरं तो बघून आली ती डोळे पुसत आली. मग खुलताबादची कबर उखडून टाका अशी मागणी राज्यभर सुरू झाली. सतरा तारखेला नागपुरात दंगल पेटली, संचारबंदी लागली, गाड्या जळाल्या आणि पुढे एका माणसाचा जीवही गेला. तीनशे अठरा वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहापायी आज, या काळात, एका घरातला माणूस गेला. तो ना औरंगजेबाच्या फौजेत होता, ना संभाजी महाराजांच्या.

आमच्या कट्ट्यावरही वाद झाला. एक पोरगा म्हणाला, “काका, जेसीबी लावून उखडून टाकली पायजे.” शेजारी एक म्हातारा बसला होता, त्याने जन्मभर मिठागरात काम केलेलं. तो म्हणाला, “मेलेल्याला काय मारतंस रं? जित्ता होता तवा मारणारे मारून गेले.”

दोघांचंही मला पटलं आणि दोघांचंही पुरतं पटलं नाही. पोराचा राग खोटा नव्हता. म्हाताऱ्याचं शहाणपणही खोटं नव्हतं. पण प्रश्न राहिलाच. ज्यांनी माणसं कापली, गावं जाळली, अशा माणसांना मागून आलेल्यांनी मोजायचं कसं आणि आठवायचं कसं?

मी दहावी शिकलेला माणूस. इतिहासकार नाही. पण मोजणं मला ठाऊक आहे. आमची भातशेती होती तेव्हा खळ्यावर भात मोजायला पायली असायची. पायलीची एक गोष्ट असते. ती घेतानाही तीच आणि देतानाही तीच असावी लागते. घ्यायची वेगळी आणि द्यायची वेगळी अशा दोन पायल्या ज्याच्या घरात असतात, त्याला सगळी पंचक्रोशी ओळखून असते. राजांना मोजायचीही पायली एकच हवी. आपल्याला एक आणि परक्याला दुसरी, असं चालणार नाही.

आता ही पायली आणायची कुठून? काही लोक म्हणतात, आजच्या मापाने जुन्या माणसांना मोजू नका, तेव्हा जगच तसं होतं. यात थोडं तथ्य आहे. त्या काळी हात तोडणं, कडेलोट करणं या शिक्षा सगळेच राजे देत. तेवढ्यावरून कोणाला राक्षस ठरवायचं नाही, हे मला मान्य. पण ‘तेव्हा जगच तसं होतं’ हे सगळ्या गोष्टींना लागू पडत नाही. का पडत नाही, ते सांगतो.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. चिपळूणकडे फौजेची छावणी पडली होती, तिथल्या कारभाऱ्यांना ते लिहिलेलं. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज सांगतात की दाणावैरण जपून वापरा. बेबंद उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी त्याचा दाणा आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. तसं झालं तर रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवं ते बाजारातून पैसे देऊन घ्या, कोणावर जुलूम करू नका. दिव्याची वात उंदराने पळवली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारीकसारीक त्यात लिहिलं आहे.

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. ते लिहिणारा राजा त्याच सतराव्या शतकातला आहे. म्हणजे रयतेच्या भाजीला हात लावणं हे पाप आहे, हे त्या काळातल्या माणसालाही कळत होतं. मग ‘तेव्हा कोणाला कळतच नव्हतं’ असं कसं म्हणायचं? ही पायली आजची नाहीच, त्याच काळातली आहे. आणि दुसरी गोष्ट बघा. महाराज असं म्हणत नाहीत की आपण हिंदू, आपण मराठे, म्हणून रयत आपल्याला बरं म्हणेल. ते म्हणतात, तुम्ही तसे वागलात तर रयत मोगलांना बरं म्हणेल. राज्य कोणाचं आहे याच्यावर ते मोजत नाहीत. कुणब्याच्या घरात काय घडलं याच्यावर मोजतात.

ही पायली घेऊन आता औरंगजेबाला मोजू. बापाला त्याने आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, भाऊ दाराला मारलं. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचं शीर उतरवलं. १६७९ मध्ये जिझिया परत बसवला. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. एवढं तर शाळेतली पोरंही सांगतील. पण शेतकरी म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. हा माणूस १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये नगरजवळ मरेपर्यंत परत गेला नाही. पंचवीस वर्षं लाखोंची छावणी या मुलखात फिरत होती. तिने काय खाल्लं असेल? आमच्याच बापजाद्यांची जोंधळ्याची कणसं, आमचीच वैरण. शेवटी शेवटी दुष्काळ पडला, रोगराई आली, गावं ओस पडली. किल्ले घेतले गेले, परत गेले, परत घेतले गेले, पण उजाड झालेलं शिवार कोणी मोजलं नाही. टोप्या शिवून स्वतःपुरतं कमावत होता, कबर साधी ठेवा म्हणाला, असं सांगतात. असेल. स्वतःपुरतं साधं राहणं हा गुण खरा, पण साध्या माणसाच्या हुकमाने जळालेलं घर काही कमी जळत नाही. या पायलीत औरंगजेब भरत नाही. हे स्पष्ट बोलायला हवं आणि पोरांना शिकवायला हवं.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पंचाईत पुढे आहे. तीच पायली आता आपल्याकडे वळवायची.

आमच्या चाळीत मागे एक गवंडी भाड्याने राहायचा. बंगालमधल्या बर्धमान जिल्ह्यातला. आमच्याकडे कारखाने आल्यापासून शेतं गेली आणि खोल्या आल्या. त्या खोल्यांत साऱ्या देशातली माणसं राहतात. त्याची बायको संध्याकाळी तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन एक अंगाई म्हणायची. त्यात एक शब्द सारखा यायचा, बर्गी. एकदा मी त्याला विचारलं, बर्गी म्हणजे कोण? तो जरा हसला, मग म्हणाला, “चाचा, आप लोग.”

मला ते पुस्तकातून ठाऊक होतं, पण माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो स्वार. १७४२ पासून पुढची आठ-दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाई वसूल करायला बंगालवर जात राहिल्या. पहिल्या स्वाऱ्यांचा म्होरक्या भास्करपंत कोल्हटकर. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने त्याला बोलणीला बोलावून दग्याने मारलं. आपल्या पुस्तकांत दगा तेवढा ठळक असतो. पण त्याआधी बर्धमान, मेदिनीपूरकडच्या गावांत काय झालं, ते बंगाली माणूस सांगतो. गावं जाळली, भाताच्या कोठारांना आगी लावल्या, पैसा काढण्यासाठी माणसांचे हाल केले, बायांना सोडलं नाही. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात हे बंगालीत लिहून ठेवलं. त्याच्या काव्याचं नावच ‘महाराष्ट्र पुराण’. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तर मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. १७५१ मध्ये तह झाला, वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली, ओरिसा नागपूरकरांकडे आला. आपल्याकडे याला अटकेपासून कटकेपर्यंतचा पराक्रम म्हणतात. तिकडे आई पोराला म्हणते, झोप, नाहीतर बर्गी येईल. आणि त्या अंगाईत आणखी एक काळजी आहे, जी कोणत्याही शेतकऱ्याच्या काळजाला लागेल. धान तर गेलं, आता सारा कशातून भरू?

ज्यांच्या घरात जळालेल्या भाताची गोष्ट अंगाईत जाऊन बसली, त्या माणसांनी भास्करपंताला काय म्हणावं? आणि आपण त्यांना काय सांगावं, की तेव्हा जगच तसं होतं? मग हेच कोणी आपल्याला औरंगजेबाविषयी सांगितलं तर का चालत नाही? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्याच भाषेतली आहे. ती घरातल्या पोरांपुरती ठेवू नये.

हे बोललं की लगेच कोणीतरी म्हणतो, म्हणजे तुम्ही दोघांना एकाच माळेत बसवता? नाही बसवत. पायली एक म्हणजे भात सारखं असं नव्हे. एकाचं दहा खंडी भरेल, एकाचं दोन. पण मोजून भरू द्या. न मोजताच आपल्या पोत्यावर ‘चांगलं’ लिहायचं आणि दुसऱ्याच्या पोत्यावर ‘सडकं’, याला व्यवहार म्हणत नाहीत.

आणि मोजायला बसलं की एकेका माणसाचं दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं माप निघतं. टिपू सुलतानाने कूर्गात आणि मलबारात माणसांचे जे हाल केले ते तिथले लोक आजही विसरलेले नाहीत. पण १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा तिथल्या स्वामींना पत्र लिहून मूर्तीच्या पुन्हा स्थापनेसाठी मदत पाठवणारा टिपूच होता. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं म्हणायची सोय नाही. कूर्गातल्या माणसाला शृंगेरीची गोष्ट सांगून गप्प बसवू नये आणि शृंगेरीची गोष्ट लपवूही नये. चांगल्या कामाने वाईट काम पुसलं जात नाही. दोन्ही वहीत लिहून ठेवायची.

आता दुसरा प्रश्न, पापाच्या वाटणीचा. बापाचं कर्ज मुलावर येतं, हे आम्हा शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पण बादशहाचं पाप कोणावर येतं?

आमच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, ठाण्याला, साष्टीत, वसईत पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत त्यांचं धर्मन्यायालय चाललं, मधली काही वर्षं सोडली तर. देवळं पाडली, माणसांना जाळलं. आज वसईच्या वाडीत केळीचे घड आणि भाजी काढणारा ख्रिस्ती माणूस बघितला की एखादा शहाणा त्याला ‘पोर्तुगीजांचा’ म्हणतो. अरे, तो कसला पोर्तुगीजांचा? तो इथलाच, बोली मराठीच्या घरातली, जमीन इथली. आणि ते धर्मन्यायालय सगळ्यात जास्त कोणाच्या मानेवर बसलं, तर नव्याने बाटवलेल्यांच्याच. जुना सण पाळला, जुनी चाल सोडली नाही, म्हणून त्यांनाच पकडायचे. म्हणजे ज्यांच्या पणज्यांनी मार खाल्ला त्यांनाच आपण मारणाऱ्याचे वारस ठरवतो. वडाची साल पिंपळाला लावायची म्हणतात ती हीच. औरंगजेबाचा आणि आमच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या माणसाचा संबंधही तेवढाच. त्याच्या पणजोबानेही त्या छावणीपायी उपास काढले असतील. दंगलीत मात्र सुक्याबरोबर ओलंही जळतं.

चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. मोठी लढाई झाली, आपली माणसं हजारोंनी पडली. राग काय कमी असेल? तरी तह झाल्यावर किल्ल्यातल्या लोकांना बायकापोरांसह, सामानासह जाऊ दिलं. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. मी मेणवलीची घंटा बघितली आहे. तिने कोणाचं रक्त काढलेलं नाही, पण ती आठवण पक्की ठेवते. जिंकल्यावर हात आवरता येतो, हे आपल्याच लोकांनी दाखवलेलं आहे.

मग कबरींचं, पुतळ्यांचं काय करायचं? माझं मत साधं आहे. जपणं वेगळं आणि पूजणं वेगळं. अफझलखान तुळजापूरची विटंबना करीत आला होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली तो मारला गेला आणि तिथेच पुरला गेला. महाराजांच्या उभ्या हयातीत ती कबर त्यांच्याच गडाच्या पायथ्याशी राहिली. त्यांना ती उखडायला कोण अडवणार होतं? वैरी मेला, वैर संपलं आणि विजयाची साक्ष जागेवर राहिली. पुढे त्या कबरीभोवती जादा बांधकाम वाढत गेलं, ते सरकारने २०२२ मध्ये काढलं. तेही बरोबर झालं. कबर असावी, तिचा उरूस होऊ नये. खुलताबादची कबर उखडली तर पुढच्या पोराला कुठे नेऊन सांगणार, की बघ, मराठ्यांना संपवायला आलेला बादशहा इथेच मातीत गेला, पण मराठे काही संपले नाहीत?

गोव्यातही एक बघण्यासारखी गोष्ट आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल करवली. त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे. चौकात हार घालायला नाही, फोडूनही टाकलेला नाही. बघायचा त्याने आत जाऊन बघावा, वाचावं, विचार करावा. आणि जर्मनीत तर बर्लिन शहरात हिटलर ज्या तळघरात मेला तिथे आज गाड्या लावायची जागा आहे आणि माहितीचा एक फलक. त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्याने मारलेल्या यहुदी लोकांचं स्मारक आहे, दोन हजार सातशे अकरा काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. मारणाऱ्याला एक फलक, मेलेल्यांना एवढं मोठं मैदान. हे प्रमाण मला फार योग्य वाटतं.

आपल्याकडे हेच उलटं होतं. क्रूर माणसाचं नाव आपण दिवसरात्र घेतो आणि त्याने मारलेल्यांची नावं कोणाला येत नाहीत. औरंगजेबाविषयी तासभर बोलणारा माणूस मला त्याच्या छावणीने ओस पाडलेल्या एका गावाचं नाव सांगू शकत नाही.

शिवाय मोठ्या बादशहाच्या नादात जवळचे लहान बादशहा सुटतात. आमच्या कोकणाला बादशहापेक्षा खोतांनी जास्त छळलं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत शेतं पेरली नाहीत. सहा पावसाळे! शेतकऱ्याला विचारा, पाऊस पडतोय आणि नांगर आढ्याला टांगलेला, ही काय शिक्षा असते. लाकूडफाटा विकला, मासळीवर दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती बंद करायचं बिल मांडलं आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ते खोत कोण होते? मोगल नव्हते, पोर्तुगीज नव्हते. आपलेच होते, आपलीच भाषा बोलत होते, देवळात आपल्याआधी आरतीला उभे राहत होते. कुंपणच शेत खात होतं. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही, म्हणून ते क्रूर नव्हते असं होत नाही.

आणि एक गोष्ट मला आमच्या मुलखाची अभिमानाने सांगायची आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभा राहिला, तेव्हा जासई आणि दास्तान फाट्याजवळ गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दरसाल तिथे लोक जमतात. गोळी कोणी झाडली, हुकूम कोणाचा, याची नावं कोणी घेत नाही. पाच हुतात्म्यांची नावं घेतात. त्या नावांच्या बळावरच पुढे साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. सूड कोणी घेतला नाही, पण विसरलंही कोणी नाही. आमच्या आगरी-कोळी माणसांनी हे कुठल्या पुस्तकात वाचून केलं नाही. आठवण कोणाची ठेवायची हे त्यांना कळत होतं.

म्हणून माझ्या नातवंडांना माझं सांगणं एवढंच आहे. क्रूर माणसाला क्रूर म्हणा, तो आपला असला तरी. त्याचा हिशोब त्याच्याच नावावर लिहा, त्याच्या जातीच्या आणि धर्माच्या नावावर नको. ज्यांचं घर जळालं, ज्यांचं भात गेलं, त्यांची नावं शोधा. नावं नाही मिळाली तर गावं शोधा. आणि ज्या पुढाऱ्याच्या तोंडी सतत मेलेला वैरी असतो, त्याच्याकडे जरा नीट बघा. त्याच्या घरातही एक पायली असेल. ती घ्यायची आहे की द्यायची, ते तपासून बघा.